पानात टाकू नये

"बाई, अर्धी भाकरी ऱ्हायली," आबा म्हणाले.

हात धुवायला उठलेली बाई मुकाट्याने परत खाली बसली. माझ्या वडिलांचा आवाजच तसा होता. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही आणि दवाखान्याबाहेर पेशंटच्या नातेवाइकांना जेवू घालणाऱ्या खानावळींनाही नाही, पण गिऱ्हाइकाला ताट पुसून खायला लावणारी खानावळ आमची एकटीच. भिंतीवर पाटी होती : 'पानात टाकू नये.' खाली 'हुकुमावरून' असं लिहिलेलं होतं. हुकूम कुणाचा ते लिहिलेलं नव्हतं. तो समोर गल्ल्यावर बसलेला दिसायचाच.

"मला एवढं जात नाही हो," बाई म्हणाली. पन्नाशीची असेल. हडकुळी, केस बारीक कापलेले, खांद्याला कापडी पिशवी.

"जात न्हाई कसं? वर पाणी घ्या."

एवढ्यात आतल्या दारातून मंजिरी आली. एका हाताने तिने बाईच्या ताटातली अर्धी भाकरी उचलली, घडी करून तोंडात घातली आणि दुसऱ्या हाताने वाटीतली आमटी ओठाला लावली.

"मंजे! उष्टं हाय ते!" आतून माझी आई ओरडली. तोवर वाटी चाटून झाली होती.

मंजिरी माझी मुलगी. तेव्हा सात वर्षांची होती आणि तिचं वजन माझ्या बायकोपेक्षा थोडं जास्त होतं. तुळशीच्या नाजूक तुऱ्यावरून आम्ही तिचं नाव ठेवलं होतं. बारशाला पुढचं दिसत नाही.

गिऱ्हाइकं अशा वेळी हसायची किंवा ताट जवळ ओढून घ्यायची. ही बाई नुसती बघत राहिली.

"भूक लागलीय का गं?" तिने विचारलं.

"हो."

"जेवली नाहीस अजून?"

"जेवले की."

"कधी?"

"आत्ताच."

"खोटं बोलतीया," आबा म्हणाले. "भूक कशाची, वखवख हाय ती."

"यातलं खोटं कोणतं?" बाईने शांतपणे विचारलं. "जेवले ते, का भूक लागलीय ते?"

आबांना प्रश्न विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती, त्यामुळे उत्तर द्यायचीही त्यांना सवय नव्हती. त्यांनी गल्ल्यातली चिल्लर उगाच खाली-वर केली.

बाई पुण्याच्या एका संशोधन संस्थेतल्या डॉक्टर निघाल्या. डॉ. मोडक. वेगवेगळ्या समाजांतली माणसं कोणत्या कारणाने लठ्ठ होतात, त्यात आनुवंशिक भाग किती, याचा त्यांचा अभ्यास चालला होता. त्यासाठी त्या गावोगाव जाऊन जाड माणसांचं रक्त गोळा करत होत्या. आठवडाभर त्यांचा मुक्काम आमच्या समोरच्याच दवाखान्यात होता.

"मुलीला उद्या घेऊन या," त्या मला म्हणाल्या. "आणि घरातल्या सगळ्यांना."

"तिला सोमवारी पन्हाळ्याकडं धाडायचीय," आबा म्हणाले. "आश्रमात. नाव घातलंय."

"हा सोमवार?"

"पाडव्यानंतरचा."

"मग वेळ आहे," डॉक्टर म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या. ताट आपोआपच रिकामं झालेलं होतं.

आश्रमाचं सांगायला हवं. पहिलवानकी सोडून निसर्गोपचाराला लागलेले एक महाराज तो चालवत. सकाळी दुधीचा रस, संध्याकाळी दुधीचा रस, मधे प्रार्थना. घरच्यांना सहा महिने भेटायची बंदी, कारण घरचे चोरून लाडू नेतात. आबांना हे फार पटलं होतं. आम्ही मंजिरीला सांगितलं, तेव्हा तिने एकच विचारलं, "तिथं जेवायला कितींदा देतात?" शैला, माझी बायको, उठून चुलीपाशी गेली आणि नसलेली भाजी हलवत राहिली.

पण दुसरं करणार काय? शाळेतून निरोप आला होता, मुलगी वर्गातल्या पोरांचे डबे खाते, तिला घरी ठेवा. आमच्या कोठीला कुलूप होतं आणि किल्ली शैलाच्या कमरेला. खानावळीच्या कोठीला घरच्याच पोरीसाठी कुलूप, ही गोष्ट गल्लीत कुणाला सांगावी लागत नव्हती. मंजिरी कोठीच्या दारापाशी बसून आतल्या गुळाचा वास घ्यायची. चालताना तिचे पाय बाहेर फाकू लागले होते. जिना चढली की छातीचा भाता व्हायचा. खोकला तर कायमचा मुक्कामाला होता. एका डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "असंच चाललं तर तिच्या छातीला हे झेपणार नाही." म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

बाकी सल्ला भरपूर होता. आमची गिऱ्हाइकं दवाखान्यात दिवसभर बाकावर बसून अर्धे डॉक्टर झालेली असत. कुणी म्हणे हाड मोठं आहे. कुणी म्हणे पोटात जंत आहेत, कुणी म्हणे कुस्तीत घाला. आबा आईला म्हणायचे, "ह्ये तुझ्या म्हायेरचं. तुझी चुलती दारातनं आडवी व्हऊन यायची." आई म्हणायची, "आरशात बघा आधी." मी बी.कॉम. असल्यामुळे दोघांचंही मला पटायचं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाचजण दवाखान्यात गेलो. आमच्यात डॉक्टरकडे एकट्याने जात नाहीत. एकटा गेला तर डॉक्टर काय म्हणाला ते खरं सांगेल याचा भरवसा कुणाला नसतो.

डॉक्टरांनी आबांचंही रक्त घेतलं. आबांनी मोठ्या उत्साहाने बाही वर केली.

"मराठ्याचं रगत हाय, नीट बघा. दुष्काळातनं टिकल्यालं. म्हून तर अंगाला लागतंय."

"असं म्हणणारे शास्त्रज्ञही आहेत," डॉक्टर सुई काढत म्हणाल्या. "उपासमारीतून तगलेल्या लोकांचं शरीर साठवून ठेवायला शिकतं म्हणे. कुठल्या बेटावरचे लोक, कुठल्या वाळवंटातले लोक. अंदाज आहे, सिद्ध काही झालेलं नाही. आम्ही बघतोय ते एवढंच की पोट सगळीकडे सारखं दिसलं तरी प्रत्येक समाजात कारणं थोडीथोडी वेगळी निघतात. बहुतेकांत शेकडो बारीक गोष्टी मिळून होतं. क्वचित एखाद्या घरात एकच असते."

मग त्यांनी शैलाला विचारलं, "जन्मली तेव्हा वजन किती होतं?"

"सहा पौंड. चारचौघींसारखी होती."

"आणि भूक?"

"अंगावर पीत होती तेव्हापासून आहे. दोन्हीकडचं पिऊन रडायची. आत्या म्हणायच्या, दूध पातळ असेल."

"दूध चांगलं हुतं," आईने दुरुस्ती केली. "मी तवा तसं म्हनाले."

"तुमचं लग्न नात्यातलं आहे का?" डॉक्टरांनी मला विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत आबा बोलले. "छ्या! देवक बघून केलंय. आमचं देवक कळंब, त्येंचं पंचपल्लव. आडनाव येगळं, कूळ येगळं, गाव येगळं. एका रक्तात सोयरीक करायला आमी काय रानटी हाय?"

मी मान डोलावली. यात लपवाछपवी नव्हती. देवक म्हणजे घराण्याची खूण. लग्नाच्या मांडवात ते झाड पुजतात आणि ज्यांचं देवक एक ते भाऊ-बहीण, त्यांचं लग्न होत नाही. आमच्या लग्नात दोन्हीकडची देवकं चार म्हाताऱ्यांनी दोनदा तपासली होती. रक्ताची याहून मोठी तपासणी असते हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

डॉक्टरांचा चेहरा किंचित पडला. "मग शक्यता कमीच," त्या स्वतःशी बोलल्यासारख्या म्हणाल्या. "मला एक शंका होती. ठीक आहे. बाकीच्या नमुन्यांबरोबर पाठवते, सहा-आठ महिन्यांत कळवू."

सहा-आठ महिने म्हणजे आश्रम. आम्ही उठलो. मंजिरी बाकावरून उतरता उतरता म्हणाली, "आई, भूक."

"आत्या, पिशवीतला राजगिऱ्याचा लाडू द्या हो तिला," शैला म्हणाली.

डॉक्टर नळी बंद करता करता थांबल्या. "तुम्ही सासूबाईंना आत्या म्हणता?"

"हो."

"तुमच्याकडे सगळ्याच सुना म्हणतात ना तसं?"

"म्हणतात. पण ह्या खऱ्याच आहेत."

"खऱ्या म्हणजे?"

"माझ्या वडलांची सख्खी बहीण."

डॉक्टर खाली बसल्या. त्यांनी आमच्या पाचही जणांकडे एकेक करून बघितलं.

"अहो, मग नात्यातलं लग्न नाही असं कसं सांगितलंत?"

"देवक सांगितलं की तुमाला," आबा म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं, आणि मलाही. मामाची मुलगी आमच्यात नात्यातली धरत नाहीत. ती हक्काची असते.

डॉक्टर हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. त्यांनी मंजिरीचं रक्त पुन्हा घेतलं, माझं आणि शैलाचंही घेतलं, आणि नळ्या वेगळ्या डब्यात बर्फावर ठेवल्या. "हे मी स्वतः घेऊन जाते," त्या म्हणाल्या. "आज रात्रीच्या गाडीने."

पाडवा झाला. आबांनी आश्रमासाठी पत्र्याची ट्रंक आणली. आईने तिच्यात फ्रॉक भरले आणि फ्रॉकांच्या खाली चिवड्याची पुडी भरली, ती आबांना सापडली, मग दोघांचं बोलणं बंद झालं. शैला म्हणाली, "तिला पाठवायची असली तर मलाही पाठवा." आबा म्हणाले, "आणि सैपाक कोण करंल?" शैलाने त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी चष्मा पुसायला काढला.

शनिवारी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवाल्याने हाक मारली. पुण्याहून फोन होता.

"तिला कुठंही पाठवू नका," डॉ. मोडक म्हणाल्या. "मी उद्या येते."

"काय निघालं?"

"फोनवर नको. पण पाठवू नका. आणि तिला कुणी काही बोलू नका."

रविवारी दुपारी, खानावळ उरकल्यावर, त्या आल्या. आम्ही सगळे बाकांवर बसलो. मंजिरी कोठीच्या दाराला पाठ लावून तिच्या नेहमीच्या जागेवर.

डॉक्टरांनी त्या दाराकडे बोट केलं. "समजा, ती तुमची कोठी. भरली की तुम्ही काय करता?"

"बाजार बंद," आबा म्हणाले.

"तुम्हाला कळतं कसं भरलीय ते?"

"सूनबाई सांगती."

"बरोबर. शरीरातही तसंच आहे. अंगातली चरबी म्हणजे कोठी. भरली की ती मेंदूला निरोप धाडते, पुरे, आता थांब. हिच्या शरीरात तो निरोप तयारच होत नाही. रक्तात शोधूनही सापडला नाही. कोठी ओसंडून वाहतेय आणि मेंदूला वाटतंय घरात दुष्काळ पडलाय. तो ओरडत राहतो, खा, नाहीतर मरशील."

शैलाने विचारलं, "म्हणजे तिची भूक... ती खोटी नाही?"

"खरी आहे. आपण कुणी कधी सोसली नसेल इतकी."

"ताटावरून उठतानासुद्धा?"

"उठतानासुद्धा."

शैलाने पदर तोंडाला लावला. मंजिरी तिथूनच म्हणाली, "मी सांगत होते की." तक्रार करत नव्हती ती. नुसतं आठवण करून देत होती.

मग 'कुणाकडचं' हा प्रश्न आलाच. तो आमच्या घरात कुठल्याही दुखण्याच्या आधी येतो. डॉक्टर म्हणाल्या, हा निरोप लिहायची कृती प्रत्येकाला दोनदा मिळते, एक आईकडून, एक बापाकडून. एक बिघडली तरी दुसरीवर भागतं, आणि त्याला काही कळतही नाही. आईच्या माहेरी, तिच्या आईकडे किंवा वडिलांकडे, अशी एक बिघडलेली होती. ती आईकडे आली, आईकडून माझ्याकडे. तीच मामाकडे गेली, मामाकडून शैलाकडे. आणि आम्ही दोघांनी ती मंजिरीला दिली, दोन्ही बाजूंनी एकच.

"मूळच्या पाकिस्तानातल्या एका घराण्यात हे पहिल्यांदा सापडलं," त्या म्हणाल्या. "मग तुर्कस्तानात. तिथे चुलत भावंडांत लग्नं होतात, तुमच्याकडे मामाची मुलगी करतात, दक्षिणेत मामाशीच होतं. चाली वेगळ्या, वाट तीच. अशा किती घरांत पोरांना अधाशी म्हणून मारत असतील, कुणी मोजलेलं नाही."

"म्हंजे माझ्याकडनं काईच न्हाई?" आबांनी विचारलं.

"तुमच्याकडून काही नाही."

संसारभर ज्याची वाट बघितली तो निकाल आबांच्या बाजूने लागला होता. ते आईकडे वळले, बहुधा काहीतरी म्हणायलाच. आई भिंतीला टेकून बसली होती. "मीच आणली भावाची लेक," ती म्हणाली. "हट्ट करून आणली. घरातली पोर घरात म्हून."

शैला म्हणाली, "आत्या, गप बसा."

"माझ्यामुळं झालं गं."

आबा उठले. मंजिरीजवळ गेले, तिची हनुवटी धरून तोंड वर केलं. "डाक्टर, काईच न्हाई कसं? नाक बघा की. नाक माझं हाय."

डॉक्टरांनी दोन्ही नाकं नीट बघितली. "नाक तुमचंच आहे," त्या म्हणाल्या.

"तेच म्हंतो. उगा सगळं हिच्याच म्हायेरचं कसं असंल?" आणि आईला म्हणाले, "उठ. च्या टाक बाईंना."

औषध होतं. अंगात जो निरोप तयार होत नाही तो इंजेक्शनाने रोज बाहेरून द्यायचा. जगात मोजक्या पोरांना ते मिळत होतं, तेही अभ्यासाखाली. डॉक्टरांनी परदेशी कुणाकुणाला लिहिलं, विनवण्या केल्या, आणि आमचा पावसाळा त्यांच्या "अजून उत्तर नाही" वर गेला. मंजिरीला त्या पावसात दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. आबांनी ट्रंक माळ्यावर टाकली, पण महाराजांना नाही म्हणून कळवलंही नाही. माणूस आशेवर असला तरी व्यवहार सोडत नाही. कोठीचं कुलूप तसंच राहिलं. फरक एवढाच पडला की आता मंजिरी दारापाशी बसली की शैला तिच्या शेजारी जाऊन बसायची. दोघी मिळून गुळाचा वास घ्यायच्या.

गणपती उठल्यावर बर्फाच्या डब्यातून औषध आलं. डॉक्टर दोन दिवस राहिल्या आणि शैलाला सुई टोचायला शिकवली. माझ्यावर प्रयोग करताना तिने जरा जास्तच जोर लावला असं मला वाटलं. औषधाच्या बाटल्या आमच्या फ्रिजमध्ये दह्याच्या शेजारी राहू लागल्या. कुणी चुकून दह्याबरोबर बाहेर काढून ठेवू नये म्हणून आबांनी फ्रिजला कुलूप आणलं आणि त्याची किल्ली शैलाला दिली. कमरेला आता दोन किल्ल्या झाल्या.

पहिले काही दिवस काहीच झालं नाही. मंजिरी तशीच जेवायची, तशीच ताट चाटायची. आई देवापुढे बसायची, आबा फ्रिजपुढे. मी डॉक्टरांना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, "वाट बघा." आवाजावरून वाटलं, त्याही वाट बघताहेत.

मग एका दुपारी ऐन गर्दीत मंजिरी पाटीखालच्या बाकावर जेवत होती. ताटात दोन भाकरी, वांग्याची भाजी, आमटी. मी पलीकडे वाढत होतो. तिने एक भाकरी संपवली. दुसरीतली अर्धी संपवली. मग ती थांबली.

हात ताटात तसाच. ती त्या अर्ध्या भाकरीकडे बघत होती, एखादी ओळखीची बाई दिसावी पण नाव आठवू नये तशी. माझ्या हातातलं आमटीचं पातेलं मी खाली ठेवलं. शैला आतून दारात येऊन उभी राहिली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

मंजिरीने मान वर करून भिंतीवरच्या पाटीकडे बघितलं. नुकतीच वाचायला शिकली होती. मग गल्ल्यावरच्या आबांकडे बघितलं. तिचा चेहरा रडवेला झाला.

"आबा," ती म्हणाली, "बास झालं."

आबांना ऐकू आलं नसावं असं मला वाटलं. ते हललेच नाहीत.

"आबा, नको झालंय मला. टाकू?"

"टाक," आबा म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता, म्हणून त्यांनी पुन्हा म्हणून बघितलं. "टाक, बाळा. टाक तू."

शेजारच्या बाकावर जतहून आलेला एक पेशंटचा भाऊ गेला बराच वेळ वांग्याशी झटत होता. त्याला वाटलं हुकूम बदलला. त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि ताट पुढे सरकवलं.

"तुमाला न्हाई सांगितलं!" आबा गरजले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी आवाज परत सापडला होता. "तुमी संपवा!"

त्याने संपवलं.

त्या दिवशी कोठीचं कुलूप निघालं. मंजिरी आज पुण्यात नोकरी करते, रोज स्वतःच सुई टोचून घेते आणि तिच्या ऑफिसात तिच्याहून जाड माणसं पुष्कळ आहेत. आबा गेले. पाटी आहे.

ती अर्धी भाकरी मात्र आम्ही टाकली नाही. शैलाने ती उभ्या उभ्याच खाल्ली. पोरांनी ताटात टाकायचं आणि आईने ते संपवायचं, ही आमच्याकडची चाल. शैलाला त्या दिवसापर्यंत ती पाळायची पाळीच आली नव्हती. पुढे तिने कसर भरून काढली. अजूनही मंजिरी सुट्टीला घरी आली की अर्ध्या भाकरीवरच "बास" म्हणून उठते, उरलेली तिची आई खाते. त्यामुळे अलीकडे शैलाचं वजन बरंच वाढलंय. ते कुणाकडचं, हे विचारायला आम्ही डॉक्टरकडे गेलेलो नाही.